सगळ्यांचं ऐकणारी अक्का

माझी थोरली बहीण ज्याच्याशी शेवटचं बोलली असेल, त्याच्या मताची असते. हे मी तिच्या तोंडावर अनेकदा बोलून दाखवलं आहे आणि प्रत्येक वेळी तिनं ते मान्य केलं आहे. मग पुढं वाद तरी काय घालणार?

आम्ही जळकोटपासून आत असलेल्या एका गावच्या. घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. आईला अव्वा, वडिलांना अप्पा आणि थोरल्या बहिणीला अक्का. कानडीत 'हो' म्हणायचं तर 'हौदु' म्हणतात, आणि अक्काच्या तोंडी हा शब्द इतका बसलेला की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हौदु म्हणून मोकळी होते. शेजारीण येऊन म्हणते, यंदा ऊन लई हाय. हौदु. तासाभरानं दुसरी येऊन म्हणते, गेल्या सालापरीस कमीच हाय की. हौदु. दोघी खूश होऊन घरी जातात आणि मी तिथं बसून धुमसत राहते.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुणी काही सांगितलं की त्याला 'कशावरून?' विचारल्याशिवाय मला राहवत नाही. ही नाकावर राग घेऊनच जन्मली, असं अप्पा म्हणायचे, आणि त्यांचं नाक पाहिलेल्या कुणालाही ते खोटं वाटलं नसतं. लग्न मी केलं नाही. आधी जमलं नाही, मग मीच जमवलं नाही. निवृत्त झाल्यापासून धाराशिवात दोन खोल्यांत एकटी राहते आणि दर शनिवारी सकाळी अक्काकडे जाते. तुळजापूरला गाडी बदलायची, जळकोटला उतरायचं, पुढं वडापच्या जीपमधून गावात. रविवारी संध्याकाळी परत. अक्काला गावातच, आतेभावाला दिलेली. दाजी चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तीही त्या घरात एकटीच होती.

तिच्या ऐकण्याच्या गोष्टी सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. घराला पांढरा रंग द्यायचा ठरवून तिनं रंगाऱ्याला बोलावलं. आठ दिवसांनी मी गेले तर घर पोपटी. रंगारी म्हणाला, पांढरा लवकर मळतो. बरं, मग निदान फिकट पिवळा? तर पोपटी रंग त्याच्याकडे शिल्लक होता म्हणे, आणि तिला ते कारण पटलं होतं. एकदा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून ती दुधी भोपळ्याचा रस पीत बसली होती, कारण कुण्या पाहुण्याची मावशी त्या रसानं बरी झाली होती. मी जो काही आरडाओरडा केला, त्यानंतर गोळ्या परत सुरू झाल्या. "तू सांगितलंस म्हणून घेते बघ," ती म्हणाली. मी तेव्हा जिंकल्यासारखी पाणी प्यायले.

गावातल्या दहा-बारा बायकांचा बचत गट आहे. त्या शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करतात, नळदुर्ग-तुळजापूरच्या दुकानांत माल जातो. चटणी कुटण्यात अक्काचा हात धरणारं कुणी नाही. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं, पण लगदा होऊ द्यायचा नाही, हे तिला नुसत्या मुसळाच्या आवाजावरून कळतं. पण एकदा काय झालं, कुटता कुटता एकीनं चाखून 'तिखट पुढं गेलं' म्हटलं. अक्कानं शेंगा वाढवल्या. दुसरी म्हणाली, मीठ लागंना. मीठ वाढवलं. तिसरीला लसूण कमी वाटला. दुपारपर्यंत उखळातली चटणी दुप्पट झाली होती आणि तिला कसलीच चव नव्हती. "पहिलीच बरी हुती," असं चौथी म्हणाली, त्यालाही अक्का हौदुच म्हणाली.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण मनातून मला तिचा राग यायचा. माणसानं इतकं का म्हणून वाकावं, असं वाटायचं. चार लोकांत तिला कुणी काही सांगू लागलं की मीच मधे पडून बोलायची. तिचं मत मीच सांगून टाकायची.

मागच्या वर्षी तिच्या लेकाचा पुण्याहून फोन आला. त्याला मुलगी झालेली, आठ महिन्यांची. सूनबाईची रजा संपत आली होती. "आई, तू ये. पाहुणी म्हणून नको, कायमची ये," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय पोरीला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होत नाही."

झालं. अक्कानं नेहमीप्रमाणे अख्ख्या गावाला विचारलं. शेजारीण म्हणाली, जावा की, नातीचं सुख कुणाला भेटतं. गटातली एक म्हणाली, पुण्यात आठव्या मजल्यावर कोंडून घालतील, बोलायला माणूस न्हाय. पिठाच्या गिरणीवाल्यानं पुण्याच्या पाण्यानं केस गळतात असं सांगितलं. अक्काला सगळ्यांचंच पटलं. त्या आठवड्यात ती मनातल्या मनात किती वेळा पुण्याला गेली आणि किती वेळा परत आली, त्याचा हिशोब नाही.

मग शनिवार आला आणि मी गेले. मी तयारीनंच गेले होते. "तिथं तू आया होशील, दुसरं काही नाही," मी म्हणाले. "पोरगी शाळेत जायला लागली की तुझी गरज संपली. मग काय करशील, खिडकीत बसून गाड्या बघशील? इथं तुझं घर आहे. तुझा गट आहे. जन्मभर अप्पांचं ऐकलंस, मग सासूचं, मग दाजींचं. आत्ता कुठं स्वतःच्या मनानं जगायला लागलीस, तर लगेच पोराच्या दावणीला जाऊन उभी राहणार?"

"हौदु," अक्का म्हणाली. "तसंच हाय बघ."

जरा वेळानं ती हळूच म्हणाली, "चिंतामणीला इचारू का गं?"

चिंतामणी म्हणजे दगड. तुळजापूरच्या देवळातला सगळ्यांना ठाऊक असतो. आमच्या गावच्या देवीच्या देवळातही तसाच एक आहे, लहानसा, ताटाएवढा रुंद, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. त्याच्यापुढं मांडी घालून बसायचं, दोन्ही तळवे वर अलगद ठेवायचे आणि मनातल्या मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर काम लांबणीवर. आमच्याकडं सोयरिकी, घराच्या जागा, नोकरीच्या बदल्या, सगळं त्या दगडापुढं जाऊन येतं.

वर्गात मी मुलांना या दगडाबद्दल सांगत असे. दगड आपणच फिरवतो. आपल्या मनात जे असतं ते हातांना आधी कळतं, आणि ते आपल्या नकळत त्या बाजूला जोर लावतात. एका पालकानं यावरून मुख्याध्यापकांकडं तक्रार केली होती. तरीही मी दर वर्षी सांगत राहिले. मग त्या दिवशी मी अक्काला 'खुळी आहेस का?' असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "चल. मीही येते."

माझा हिशोब साधा होता. अक्काच्या तोंडून तिचं स्वतःचं मत कधी बाहेर पडायचं नाही, पण हातांतून पडेल. तिला इथंच राहायचं आहे याबद्दल मला शंका नव्हती. तिला कळत नव्हतं, इतकंच.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरवानं दगडावरचं हळदकुंकू पुसून दिलं. अक्का पदर आवरून बसली, हात ठेवले, डोळे मिटले. मी तिच्या बरोबर समोर खांबाला टेकून उभी राहिले. देवळात आणखी एक-दोन बायका होत्या, त्याही थांबल्या.

दगड हलला. उजवीकडं. फार नाही, दोन बोटं सरकला असेल, पण उजवीकडं. तेवढ्यात अक्कानं डोळे उघडले आणि वर पाहिलं. समोर मीच होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं, जरा वेळ. दगड थांबला. मग तो हळूहळू डावीकडं फिरला, चांगला पाव वळसा.

"न्हाय अक्का," गुरव म्हणाला. "देवीच्या मनात न्हाय."

"हौदु," अक्का म्हणाली आणि नमस्कार करून उठली.

मी काय पाहिलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण प्रयोगात नको ते दिसलं की मुलं कशी वहीत लिहीतच नाहीत, तसं मी केलं. त्या दिवशी दुपारी अक्कानं माझ्यासाठी होळगी केली. पुरणपोळीला आम्ही होळगी म्हणतो. मी तीन खाल्ल्या. परतीच्या गाडीत मला छान झोप लागली.

अक्कानं लेकाला फोन करून कौल सांगितला. त्यानं पोरीला पाळणाघरात घातलं.

नंतरचे सात-आठ महिने शनिवार-रविवार पूर्वीसारखेच गेले. फरक एवढाच की संध्याकाळी सहाच्या सुमाराला अक्का फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि स्वयंपाक करता करता तिकडं बघत राहायची. फोन वाजला की हात पुसायची, पदर नीट करायची. पलीकडं पोरगी दिसायची, कधी रडत, कधी फोनच चाटत. दोन मिनिटं, पाच मिनिटं. सूनबाई कामावरून आलेली असायची, दमलेली. मग फोन बंद व्हायचा, आणि भाजी करपलेली असायची.

एका शनिवारी लेकानं मुद्दाम लवकर फोन लावला. "आई, बघ, बघ, आज चालायला लागली!" पोरगी सोफ्याला धरून उभी होती. तिनं सोफा सोडला. एक पाऊल, दोन पावलं, मग एका बाजूला झोकांडी गेली. आणि अक्कानं चुलीपुढं बसल्या बसल्या दोन्ही हात पुढं पसरले. फोनपुढं. पोर पडेल म्हणून. "अय्यो!" असं तिच्या तोंडून निघालं आणि तिच्या हाताचा धक्का लागून फोन खाली पडला.

तिनं फोन उचलला. पलीकडं सगळे हसत होते, अक्काही हसली. मला मात्र त्या हातांवरून नजर काढता येईना. चौतीस वर्षं मी पोरांना जे सांगत आले, ते माझ्यासमोर घडत होतं. हातांना आधी कळतं.

त्या रविवारी परतताना गाडीत झोप आली नाही. आमच्या लहानपणाचं काय काय आठवत राहिलं.

अव्वा गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि अक्का अकरा. अप्पांचं गावात भुसार मालाचं दुकान. अप्पा वाईट नव्हते, पण तापट होते, आणि त्यांचा ताप कुणावर उतरेल याचा नेम नसायचा. अक्काला त्यांच्या चपलांवरून कळायचं. दारात दोन्ही चपला सरळ काढल्या असतील तर बोलायला हरकत नाही. एक जरी उपडी पडली असेल तर ती आतूनच मला बोट ओठांवर ठेवून खुणवायची. मी कसली ऐकते. मी तशीच जाऊन उलट उत्तर द्यायची, आणि मग अक्का मधे येऊन उभी राहायची. 'हौदु अप्पा, तिचं चुकलं. हौदु, माझंच चुकलं.' अप्पांचा आवाज तिच्यावर संपायचा. मी तिच्या पाठीमागं उभी असायची, हाताची घडी घालून.

मला वाटतं, माणूस दुसऱ्याच्या मताचा होतो तो असा. कुणीतरी चिडू नये, घरात ताटं आपटू नयेत, धाकटीला मार बसू नये म्हणून अकरा वर्षांची मुलगी सगळ्यांची तोंडं वाचायला शिकते. पुढं अप्पा म्हातारे होतात, मरतात, तरी तिची ती सवय जात नाही. रंगाऱ्याचं तोंडही ती तसंच वाचते. आणि मी जी एवढी ताठ, कुणाचं न ऐकणारी, ती कुणाच्या आडोशानं ताठ झाले, हा विचार माझ्या मनात साठीपर्यंत आला नव्हता. मला खूप लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी जाऊन बसले. अक्का ओसरीवर सुपात शेंगा निवडत होती.

"अक्का, तू पुण्याला जा," मी म्हणाले.

"हौदु. जाते की."

"मी म्हणते म्हणून नको."

"बरं. मग न्हाय जात."

मी तिच्या हातातलं सूप ओढून आपटलं. शेंगा ओसरीभर झाल्या. "तुला स्वतःचं काही मत आहे की नाही? जन्मात एकदा तरी?"

अक्का वाकून शेंगा वेचू लागली. मग मीही खाली बसले आणि वेचू लागले. तिच्याकडं न बघता मी म्हणाले, "त्या दिवशी दगड आधी उजवीकडं गेला होता. मी बघितलं होतं. तुला सांगितलं नाही."

"मला ठाव हाय की," अक्का म्हणाली. "माझंच हात हुते त्येच्यावर."

"मग परत का फिरवलास?"

"म्या कशाला फिरवू? देवी फिरवती." तिनं चार शेंगा सुपात टाकल्या. "तुझ्याकडं बघितलं अन् माझा जीव मागं आला. खांबाला धरून उभी हुतीस. अव्वा गेली त्या दिवशी अशीच उभी हुतीस, दुकानाच्या फळीला धरून. रडंना का काय करंना. माझ्या मनात आलं, म्या गेले तर शनवारी ही कुठं जाईल?"

मला एकदम राग आला. अडचणीत सापडले की मला तोच येतो. "मला काय झालंय? मी काय लहान आहे? मी माझ्या घरी राहीन. जन्मभर माझ्या हिमतीवर राहिले आहे. सोलापूरच्या कॉलेजात गेले ती दोन दिवस उपाशी राहून अप्पांना नमवून गेले, विसरलीस का?"

अक्का हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. "उपाशी? अगं, अप्पाला पत्ताबी नव्हता तू जेवली न्हाईस त्येचा. म्या सांगितलं, पोरीचं पोट दुखतंय."

"मग त्यांनी मला पाठवलं कसं?"

"अप्पा म्हणायचे, पोरीला शिकवून काय करायचं हाय. म्या म्हणायची, हौदु अप्पा, घरीच ठिवू. भांडती जरा दिवसभर, तुमच्या डोस्क्याला ताप, पर आपलीच पोर हाय, सोसू. दुसऱ्या दिशी बी तसंच. दुकानातनं दमून येता अन् ही कटकट, पर असू द्या म्हणायची. आठ दिसांनी अप्पाच म्हणाले, हिला सोलापूरला धाडा, घरात जरा शांतता तरी व्हईल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हौदु म्हणाले."

मी शेंगा हातात धरून तशीच बसले. त्या दोन उपाशी दिवसांची गोष्ट मी शेकडो मुलींना सांगितली होती. निरोप समारंभातही सांगितली होती. मी कॉलेजात गेले तेव्हा, शाळा कधीच सुटलेल्या अक्काचं आतेभावाशी लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि ती रोज सकाळी सासरहून येऊन अप्पांचा स्वयंपाक करून जायची. तेवढ्या वेळात तिनं माझं कॉलेज उरकलं होतं. तिच्या लग्नाच्या वेळी तिला कुणी काही विचारलं होतं का, हे मला आठवत नाही. मी तर विचारलं नव्हतंच.

तरी घर पोपटी करण्यात मात्र काहीही शहाणपण नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

"तुला जायचंय का?" मी विचारलं. यावेळी आवाज खाली ठेवून.

ती माझ्या तोंडाकडं बघू लागली. तिचं ते बघणं मला पहिल्यांदा कळलं. ती उत्तर माझ्या तोंडावर शोधत होती. आता मी कितीही खरं बोलले तरी ते तिला माझा हुकूमच वाटणार होतं. मी उठले, आत गेले आणि तिच्या लेकाला फोन लावून आईला परत बोलाव म्हणाले.

"मावशी, आता कसं सांगू तुम्हाला," तो म्हणाला. "पोरगी पाळणाघरात रुळली आहे. आणि पुढच्या महिन्यात हिची आई येणार आहे राहायला. आईनं तर देवीचा कौल नाही म्हणून सांगितलं होतं. आम्ही तिला परत कसं विचारणार?"

"कौल माझ्यामुळं फिरला," मी म्हणाले. माझी चूक झाली असं मी कुणाला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ते वाक्य पुरं करायला मला दोन वेळा थांबावं लागलं. "तिला यायचं होतं. मला ती इथं हवी होती, म्हणून मी तिला भरीला घातलं. पोरगी चालली तेव्हा तू तिचे हात बघितले नाहीस. मी बघितले."

त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईला द्या."

मी फोन अक्काच्या हातात दिला आणि मागल्या दारानं परसात गेले. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून. तिचं बोलणं मला ऐकूही येऊ नये म्हणून नळ सोडला आणि बादली भरून वाहू लागली तरी बंद केला नाही. पाण्याची अशी नासाडी मी कधी करत नाही. जास्वंदीला, कढीपत्त्याला, कशाकशाला पाणी घालत राहिले.

आत आले तेव्हा अक्का डोळे पुसत होती.

"ये म्हणतोय," ती म्हणाली.

"मग?"

"येते म्हणलं."

"कुणाला विचारून?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"कुणालाच न्हाय," अक्का म्हणाली, आणि आपण काहीतरी भलतंच करून बसलो की काय, अशा नजरेनं तिनं फोनकडं पाहिलं.

मला आनंद झाला. तो खरा आनंद होता, हे सांगायला हवं, कारण त्याच्या पाठोपाठ जे आलं ते आनंदाचं नव्हतं. त्या रात्रीपासून मी माझ्या शनिवारांचा विचार करू लागले. अक्काला मी जे जे सांगितलं होतं, तुझं घर, तुझी माणसं, तुझं मन, त्यात प्रत्येक ठिकाणी मीच बसले होते. खिडकीत बसून गाड्या बघत राहण्याची भीती माझी होती. ती मी तिला पटवून दिली होती, आणि तिनं ती पटल्यासारखं दाखवून माझी राखण केली होती. एवढं सगळं तिला माझ्या तोंडावर दिसत होतं, मला आरशात दिसलं नाही.

पंधरा दिवसांनी लेक गाडी घेऊन आला. गटातल्या बायका जमल्या. एकीनं पुण्याला गरम कपडे लागतात म्हणून सांगितलं, अक्कानं शाल वर काढून ठेवली. दुसरी म्हणाली, कशाला, तिथं घरात उकडतं. अक्कानं शाल परत कपाटात ठेवली. शेवटी लेकानंच ती तिथून काढून गाडीत टाकली. चटणीचे डबे, कडक भाकरीचा गठ्ठा, उखळ नेणारच असा तिचा हट्ट. तो तिचा जन्मातला पहिला हट्ट असेल, आणि लेकानं मुकाट्यानं ते दगडी उखळ उचलून डिकीत ठेवलं.

मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. रडायचं नाही, हे तर होतंच. पण नुसतं न रडणं पुरलं नसतं, तिला फसवायला त्याहून जास्त काहीतरी लागतं.

गाडीत बसून तिनं काच खाली घेतली आणि माझा हात धरला. "करमंल का गं तुला?"

"मला कुठं वेळ आहे?" मी म्हणाले. "शाळेतल्या मुलींना शनिवार-रविवार विज्ञान शिकवायला बोलावलंय मला. पुढच्या आठवड्यापासूनच. तुला सांगायचंच राहिलं. तू असतीस तर दर शनिवारी कसं यावं, हाच मला प्रश्न पडला होता."

मला कुणीही बोलावलं नव्हतं.

अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. देवळात बघितलं होतं तसंच, जरा वेळ. मी तिला हवं ते सगळं तोंडावर आणलं, वैतागसुद्धा थोडा आणला, कारण तो नसता तर तिला ते खरं वाटलं नसतं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि माझा हात सोडला.

गाडी निघाली. जन्मभर मी तिला सांगत आले की कुणी काही सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नकोस. त्या सकाळी मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहून एकच मागत होते, हिनं माझं ऐकावं, खरं मानावं आणि आता मागं वळून बघू नये.